मोटारगाडीतील ध्वनिप्रणाली : विवर्धक व सबवूफर यांचे समायोजन

मोटारगाडीत नभोवाणीवरून प्रसारित होणारे किंवा ध्वनिमुद्रित केलेले संगीत व भाषण ऐकण्यासाठी बसविलेल्या साधनांच्या समूहास मोटारगाडीतील ध्वनिप्रणाली म्हणतात. विद्युत् संकेत पुरविणारा मुख्य वादनसंच (बोलीभाषेत ‘डेक’ किंवा ‘स्टिरिओ’), त्या संकेताची शक्ती वाढविणारा विवर्धक (‘ॲम्प’), मध्यम व उच्च कंप्रतांचे (दर सेकंदास होणाऱ्या कंपनांच्या संख्यांचे) ध्वनिक्षेपक आणि केवळ निम्न कंप्रतांसाठी असलेला मोठा ध्वनिक्षेपक म्हणजे सबवूफर ही तिची प्रमुख अंगे होत. या अंगांचे विद्युत् दाब, कंप्रतांच्या मर्यादा व कला (कंपनाची विशिष्ट क्षणीची अवस्था) एकमेकांशी जुळवून घेण्याच्या क्रियेस समायोजन म्हणतात. समायोजनाचा उद्देश आवाज शक्य तितका मोठा करणे हा नसून मुद्रित ध्वनी विकृतीशिवाय, साधनांस अपाय न होता व कानास सोसेल अशा पातळीवर ऐकू यावा हा आहे.

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडे तालुक्यातील नरडाणा हे गाव मुंबई–आग्रा महामार्गावर व सुरत–भुसावळ लोहमार्गावर वसलेले आहे. अशा ठिकाणी खाजगी मोटारी, लांब पल्ल्याच्या मालमोटारी, ट्रॅक्टर आणि लग्नाच्या वरातीत वापरली जाणारी छोटी मालवाहू वाहने या सर्वांत ध्वनिप्रणाली बसविलेल्या आढळतात. यांतील प्रत्येक प्रकारात विद्युत् पुरवठा, बैठकीच्या कक्षाचा आकार व उष्णतेचे मान निराळे असते. त्यामुळे एका वाहनात योग्य ठरलेल्या नियंत्रकांच्या खुणा दुसऱ्या वाहनात जशाच्या तशा लागू पडत नाहीत. समायोजनाची रीत मात्र सर्वत्र एकच असते.

इतिहास : अमेरिकेतील चेस्टर राइस व एडवर्ड केलॉग यांनी १९२५ मध्ये वर्णन केलेला फिरत्या वेटोळ्याचा ध्वनिक्षेपक हा आजच्या बहुतेक सर्व ध्वनिक्षेपकांचा पूर्वज होय. १९३० मध्ये गॅल्व्हिन कंपनीने ‘मोटोरोला’ या नावाने मोटारगाडीसाठी रेडिओ संच विक्रीस आणला. त्या काळच्या संचांत निर्वात नलिका वापरीत असल्याने त्यांना मोठा विद्युत् दाब लागे. १९५५ मध्ये संपूर्णपणे ट्रँझिस्टरवर चालणारा मोटार रेडिओ अमेरिकेत उपलब्ध झाला आणि ही अडचण दूर झाली. १९६३ मध्ये फिलिप्स कंपनीने सादर केलेल्या कॅसेटमुळे प्रवाशाला आपल्या आवडीचे संगीत गाडीत नेता येऊ लागले. १९८० नंतरच्या दशकात सीडी, पुढे साठवणीच्या लहान स्मृती व आता बिनतारी पद्धतीने जोडलेला मोबाईल फोन ही संकेताची साधने बनली. ध्वनिक्षेपकाच्या पेटीचे गणित नेव्हिल थील (१९६१) व रिचर्ड स्मॉल (१९७० नंतरची वर्षे) यांनी ऑस्ट्रेलियात मांडले. सबवूफरची पेटी आजही त्यांच्या सूत्रांनुसार आखली जाते.

विवर्धकाची गरज : मोटारगाडीच्या विद्युत् घटमालेचा दाब इंजिन बंद असता सुमारे १२·६ व्होल्ट व इंजिन चालू असता १३·८ ते १४·४ व्होल्ट असतो. मुख्य वादनसंचातील अंगभूत विवर्धक याच दाबावर चालतो. १४·४ व्होल्टची कमाल मर्यादा व ध्वनिक्षेपकाचा ४ ओहम संरोध (प्रत्यावर्ती प्रवाहास होणारा विरोध) लक्षात घेता शुद्ध ज्या-तरंगाच्या स्वरूपात मिळू शकणारी शक्ती सैद्धांतिक दृष्ट्याही २६ वॉटपेक्षा अधिक नसते. प्रत्यक्षात ती २० वॉटच्या आसपास किंवा त्याहून कमी भरते. संचावर ‘५० वॉट × ४’ असे जे छापलेले असते ते माथे सपाट झालेल्या, म्हणजे पूर्णपणे विकृत झालेल्या तरंगाचे मान होय. सबवूफरचे जड पटल हलविण्यास याहून बरीच अधिक शक्ती लागते. म्हणून स्वतंत्र विवर्धक बसवितात. त्यातील वीजपुरवठा मंडल १२ व्होल्टचा एकदिश प्रवाह दर सेकंदास हजारो वेळा तोडून-जोडून लहान रोहित्रातून नेते व त्यापासून अधिक दाब निर्माण करते.

विवर्धकाची शक्ती पाहताना सतत देता येणारी शक्तीच विचारात घ्यावी लागते. वेष्टनावरील ‘कमाल’ किंवा ‘पीएमपीओ’ या नावाच्या आकड्यांस समायोजनात काही अर्थ नसतो. शक्ती दुप्पट केली असता ध्वनीची पातळी केवळ ३ डेसिबेलने वाढते. आवाज कानास दुप्पट वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबेलची, म्हणजे दसपट शक्तीची, आवश्यकता असते. ३०० वॉटऐवजी ६०० वॉटचा विवर्धक बसविल्याने आवाजात पडणारा फरक यामुळेच अपेक्षेपेक्षा फार थोडा असतो.

‘गेन’ नियंत्रक : विवर्धकावरील ‘गेन’ किंवा ‘लेव्हल’ या नावाचा नियंत्रक हा आवाज लहान-मोठा करण्यासाठी आहे असा सार्वत्रिक समज आहे, तो चुकीचा आहे. विवर्धकाला पूर्ण शक्ती देण्यासाठी आदान बाजूस किती दाबाचा संकेत लागेल हे या नियंत्रकाने ठरते. सामान्यतः ही मर्यादा ०·२ ते सुमारे ६ व्होल्ट इतकी असते. मुख्य वादनसंच २ व्होल्ट देत असेल, तर २ व्होल्टलाच विवर्धक आपल्या पूर्ण शक्तीस पोहोचेल अशा ठिकाणी नियंत्रक असावा. तो ०·२ व्होल्टकडे फिरविला, तर विवर्धकाची शक्ती वाढत नाही. ती मर्यादा वादनसंचाच्या आवाजाच्या नियंत्रकाच्या पहिल्या काही अंशांतच गाठली जाते व पुढील सर्व वाढ विकृतीत जाते. शिवाय संकेताबरोबर तारांतील खरखरही तितक्याच पटीने वाढते.

विवर्धकाकडे असलेल्या दाबापेक्षा अधिक दाबाची मागणी झाली म्हणजे तरंगाचे माथे व तळ छाटले जातात. या क्रियेस कारागीर ‘क्लिपिंग’ म्हणतात. संपूर्ण छाटून चौकोनी झालेला तरंग त्याच उंचीच्या शुद्ध तरंगाच्या दुप्पट शक्ती वाहून नेतो. त्यामुळे ३०० वॉट सोसणाऱ्या सबवूफरला ३०० वॉटच्याच विवर्धकापासून ६०० वॉटपर्यंत शक्ती मिळू शकते. ध्वनिक्षेपकास दिलेल्या शक्तीपैकी फारच थोडा अंश ध्वनीत रूपांतरित होतो. बाकी सर्व वेटोळ्यात उष्णतेच्या रूपाने साठते. वेटोळ्याचे आवरण व डिंक करपून वास येणे, वेटोळे चुंबकाच्या फटीत घासणे व शेवटी तार तुटणे असा या बिघाडाचा क्रम असतो. सबवूफर ‘कमी वॉटचा होता म्हणून जळला’ असे जे म्हटले जाते, त्यातील पुष्कळ उदाहरणांत खरे कारण चुकीच्या जागी ठेवलेला ‘गेन’ नियंत्रक हेच असते.

संरोधाची जुळणी : समायोजनापूर्वी ध्वनिक्षेपकांचा एकूण संरोध विवर्धकास सोसणारा आहे याची खात्री करावी लागते. पुष्कळ सबवूफरना दोन वेटोळी असतात. प्रत्येकी ४ ओहमची दोन वेटोळी एकसरीत जोडल्यास ८ ओहम व अनेकसरीत जोडल्यास २ ओहम संरोध होतो. असे दोन सबवूफर पूर्णपणे अनेकसरीत जोडल्यास संरोध १ ओहमवर येतो. किमान २ ओहमसाठी बनविलेल्या विवर्धकास अशी जोडणी केल्यास त्यातून मर्यादेबाहेर प्रवाह वाहतो. संरक्षक मंडल विवर्धक बंद करते आणि ते नसल्यास ट्रँझिस्टर जळतात.

पाहिजे असलेला प्रदान दाब शक्ती व संरोध यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाइतका असतो. ३०० वॉट व ४ ओहम यांसाठी तो सुमारे ३४·६ व्होल्ट येतो. ३०० वॉट व २ ओहम यांसाठी २४·५ व्होल्ट. तर ५० वॉट व ४ ओहम यांसाठी १४·१ व्होल्ट. शक्तीचा आकडा विवर्धक व ध्वनिक्षेपक या दोहोंपैकी जो लहान असेल त्याचा घ्यावयाचा असतो.

समायोजनाची रीत : (१) वादनसंचावरील खर्ज व तार स्वरांचे नियंत्रक मध्यावर आणावेत. ‘लाउडनेस’, ‘बेस बूस्ट’ व तयार ध्वनिरचना बंद कराव्यात. मोबाईल फोन जोडलेला असल्यास त्यातील ध्वनिरचनाही बंद करून त्याच्या आवाजाची पातळी कमाल किंवा त्याच्या किंचित खाली ठेवावी. (२) विवर्धकाचा ‘गेन’ नियंत्रक किमान स्थानी ठेवून ध्वनिक्षेपकाच्या तारा सोडवाव्यात. (३) इंजिन चालू ठेवून, म्हणजे घटमालेचा दाब नेहमीइतका असताना, ठराविक कंप्रतेचा मुद्रित स्वर लावावा. सबवूफरसाठी ५० हर्ट्‌झ व इतर ध्वनिक्षेपकांसाठी १,००० हर्ट्‌झ हे स्वर सोयीचे असतात. इंजिन चालविताना गाडी उघड्यावर असावी. बंद जागेत धुरातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक ठरतो. (४) वादनसंचाचा आवाज कमाल मर्यादेच्या सुमारे तीन-चतुर्थांश ठेवावा. वादनसंच स्वतः त्यापुढे विकृती निर्माण करीत असण्याचा संभव असतो. (५) विवर्धकाच्या प्रदान अग्रांवर प्रत्यावर्ती दाब मोजणारा मापक जोडून ‘गेन’ सावकाश वाढवावा व गणिताने आलेला दाब दिसताच थांबावे. (६) संच बंद करून ध्वनिक्षेपक पुन्हा जोडावेत. यापुढे वादनसंचाचा आवाज ठरविलेल्या खुणेपलीकडे नेऊ नये.

या कामी ५० हर्ट्‌झचा स्वर निवडण्याचा एक व्यावहारिक फायदा आहे. भारतातील घरगुती विजेची कंप्रताही ५० हर्ट्‌झच असल्याने कोणत्याही वीजकारागिराजवळचा साधा मापक या कंप्रतेस बरोबर दाब दाखवितो. १,००० हर्ट्‌झला मात्र स्वस्त मापक चुकू शकतात. मापकाने दाब समजतो, तरंगाचा आकार समजत नाही. आकार पाहण्यासाठी ऋण किरण दोलनदर्शक किंवा त्याचा हाती धरता येणारा अंकीय प्रकार वापरतात. तरंगाचे माथे सपाट होऊ लागताच ‘गेन’ थोडा मागे घेतला की समायोजन पुरे होते.

मापक उपलब्ध नसल्यास कानाने समायोजन करतात. परिचित गीत लावून वादनसंच तीन-चतुर्थांशावर ठेवतात व आवाजात फाटकेपणा जाणवेपर्यंत ‘गेन’ वाढवून मग मागे घेतात. निम्न कंप्रतांतील विकृती ओळखण्यास कान फारसे तरबेज नसतात. त्यामुळे सबवूफरच्या बाबतीत ही रीत कमी भरवशाची आहे. तबल्याचा डग्गा, ढोल किंवा पखवाज यांचा थापेनंतर उमटणारा व विरत जाणारा नाद या कामी चांगली कसोटी ठरतो. थाप व नाद वेगवेगळे ऐकू आले पाहिजेत. दोन्ही मिळून एकच बोथट धक्का जाणवत असेल, तर विकृती किंवा अतिरेकी खर्ज आहे असे समजावे.

छानक : ध्वनिक्षेपकांत कंप्रतांची वाटणी करणाऱ्या मंडलांस छानक म्हणतात. विवर्धकावर ‘एलपीएफ’ अशी खूण असलेला निम्नपारक छानक ठरविलेल्या कंप्रतेखालील संकेत सबवूफरकडे जाऊ देतो, तर ‘एचपीएफ’ अशी खूण असलेला उच्चपारक छानक त्यावरील संकेत दारांतील ध्वनिक्षेपकांकडे पाठवितो. दोन्ही छानक ८० हर्ट्‌झच्या आसपास ठेवून आरंभ करणे सोयीचे असते. दारांतील ध्वनिक्षेपक लहान असल्यास ही सीमा १०० हर्ट्‌झपर्यंत वर न्यावी लागते. सीमा याहून फार वर नेल्यास पुरुषगायकाचा आवाज गाडीच्या मागील भागातून येत असल्यासारखा भासतो, कारण सुमारे ८० हर्ट्‌झच्या वर ध्वनीची दिशा कानास हळूहळू उमगू लागते. छानकाचा उतार दर सप्तकास १२ किंवा २४ डेसिबेल असतो. उतार जितका तीव्र तितकी वाटणी स्पष्ट होते.

सबवूफरची पेटी पूर्ण बंद किंवा नलिकायुक्त असते. नलिकायुक्त पेटीत नलिकेच्या अनुस्पंदनाच्या कंप्रतेखाली पटलावरील हवेचा आधार नाहीसा होतो व पटल मर्यादेबाहेर मागे-पुढे होऊन फाटण्याचा संभव असतो. यासाठी ‘सबसॉनिक’ छानक असतो. पेटी ३५ हर्ट्‌झसाठी आखलेली असल्यास हा छानक २८ ते ३० हर्ट्‌झच्या आसपास ठेवतात.

‘बेस बूस्ट’ : हा नियंत्रक साधारणतः ४५ हर्ट्‌झच्या आसपासच्या पट्ट्यास उठाव देतो. ३ डेसिबेल उठावासाठी दुप्पट, ६ डेसिबेलसाठी चौपट व १२ डेसिबेलसाठी सोळापट शक्ती लागते. ३०० वॉटवर नेमके समायोजित केलेल्या विवर्धकात ६ डेसिबेलचा उठाव दिल्यास त्या पट्ट्यात १,२०० वॉटची मागणी होते. ती पुरी होऊ शकत नाही व तरंग छाटले जातात. हा नियंत्रक शून्यावर ठेवणे सर्वांत हितावह असते. तो वापरावयाचाच असेल, तर उठाव दिल्यानंतर ‘गेन’चे समायोजन नव्याने करावे लागते.

कला : चालकाच्या आसनापासून दारातील ध्वनिक्षेपक सुमारे १ मीटर व मागील सबवूफर सुमारे २·५ मीटर अंतरावर असल्यास सबवूफरचा ध्वनी सुमारे ४·३ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. ८० हर्ट्‌झचा कंपनकाल १२·५ मिलिसेकंद आहे, म्हणजे हा विलंब सुमारे एक तृतीयांश कंपनकालाएवढा होतो. परिणामी ज्या कंप्रतांवर दोन्ही ध्वनिक्षेपक एकाच वेळी वाजतात तेथे त्यांचे ध्वनी अंशतः एकमेकांस मारक ठरतात. सबवूफर मोठा असूनही खर्ज पोकळ वाटण्याचे हे नेहमीचे कारण होय. अशा वेळी ‘गेन’ न वाढविता कला नियंत्रक ०° व १८०° या दोन्ही स्थानी ठेवून पाहावा. सीमेलगतचा खर्ज ज्या स्थानी अधिक भरीव वाटेल ते स्थान कायम करावे. अंकीय प्रक्रियेची सोय असलेल्या नव्या संचांत जवळच्या ध्वनिक्षेपकांना तेवढा विलंब देऊन हा दोष अधिक अचूकपणे दूर करता येतो.

ध्वनिक्षेपकांची अग्रे उलट जोडली गेली असल्यासही हाच परिणाम दिसतो. तारा विवर्धकापासून सोडवून १·५ व्होल्टचा कोरडा विद्युत् घट क्षणभर लावला असता, घटाचे धन अग्र ध्वनिक्षेपकाच्या धन अग्रास जोडलेले असल्यास पटल बाहेर सरकते. ही चाचणी सर्व ध्वनिक्षेपकांवर केल्यास चूक चटकन सापडते.

कक्षाचा परिणाम : ५० हर्ट्‌झच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे ६·९ मीटर, म्हणजे मोटारीच्या अंतर्भागाहून बरीच मोठी असते. ज्या कंप्रतेची अर्धी तरंगलांबी कक्षाच्या लांबीएवढी होते त्या कंप्रतेखाली कक्षातील हवा एकदमच दाबली व सैल केली जाते आणि ध्वनिदाब सिद्धांततः दर सप्तकास १२ डेसिबेलने वाढत जातो. २·८ मीटर लांबीच्या कक्षासाठी ही कंप्रता सुमारे ६० हर्ट्‌झ येते. बंद पेटीतील सबवूफरचा ध्वनी निम्न कंप्रतांना जवळजवळ त्याच प्रमाणात कमी होत असल्यामुळे बंद मोटारीत दोन्ही परिणाम एकमेकांची भरपाई करतात व लहान सबवूफरही पुरेसा खर्ज देतो. काचा उघडताच ही वाढ घटते. घरी किंवा दुकानात फळीवर ठेवून ऐकलेल्या सबवूफरवरून गाडीतील समायोजनाचा अंदाज बांधता येत नाही तो यामुळेच.

विद्युत् पुरवठा : ३०० वॉटचा सबवूफर विवर्धक सुमारे ८०% कार्यक्षमतेचा (‘ड’ वर्गाचा) व ४ × ५० वॉटचा दुसरा विवर्धक सुमारे ५५% कार्यक्षमतेचा (‘अब’ वर्गाचा) धरल्यास सतत पूर्ण शक्तीवर दोहोंना मिळून सुमारे ७४० वॉट, म्हणजे १३·८ व्होल्टला सुमारे ५४ अँपिअर प्रवाह लागेल. संगीतातील सरासरी शक्ती याहून बरीच कमी असते. तरी इंजिन बंद ठेवून तासन् तास संच वाजविल्यास घटमाला उतरते व तिचे आयुष्य घटते. विजेवर चालणाऱ्या मोटारींत इंजिनाला जोडलेले जनित्र नसते. १२ व्होल्टचा पुरवठा मुख्य घटमालेवरून परिवर्तकाद्वारे होतो व जोडावयाचा भार त्या परिवर्तकाच्या क्षमतेने मर्यादित होतो.

तारेची जाडी हा दुर्लक्षित पण महत्त्वाचा भाग आहे. ५ मीटर लांब व ४ चौ. मिमी. छेदाच्या तांब्याच्या तारेतून ५० अँपिअर प्रवाह गेल्यास सुमारे १·१ व्होल्ट दाब व ५५ वॉट शक्ती तारेतच खर्ची पडते; १६ चौ. मिमी. तारेत हा ऱ्हास ०·३ व्होल्टच्या आत राहतो. बाजारात मिळणाऱ्या काही जाड तारा ॲल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेल्या असतात. त्यांचा रोध अधिक असल्याने त्या आणखी जाड घ्याव्या लागतात. घटमालेपासून सुमारे ४५ सेंमी. अंतराच्या आत वितळतार (फ्यूज) बसविणे अत्यावश्यक आहे. १२ व्होल्टच्या दाबाने धक्का बसत नाही. परंतु तारेचे आवरण घासून ती गाडीच्या पत्र्यास टेकल्यास मंडलसंक्षेपामुळे शेकडो अँपिअर प्रवाह वाहतो व क्षणार्धात आग लागू शकते. वितळतारेच्या जागी जाड तार किंवा खिळा बसविणे हे अशा अपघातास निमंत्रण असते.

ऋण तार लहान असावी व रंग खरवडून उघड्या केलेल्या पत्र्यास घट्ट बसवावी. इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी-उतरणारी शिटी ऐकू येत असल्यास बहुधा हा जोड सैल असतो किंवा संकेताची तार वीजपुरवठ्याच्या तारेलगत नेलेली असते. हा दोष ‘गेन’ कमी करून झाकतो, नाहीसा होत नाही.

खानदेशातील विशेष परिस्थिती : तापीच्या खोऱ्यात मे महिन्यात कमाल तापमान वारंवार ४२° से. च्या वर जाते व कधी कधी ४५° से. ओलांडते. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीच्या आत ते ६०° से. पर्यंत पोहोचू शकते. वेटोळ्याच्या तांब्याचा रोध दर अंश से. ला सुमारे ०·३९% वाढतो. जोराने वाजविताना वेटोळे १८०° से. ने तापल्यास त्याचा रोध १·७ पट होतो, त्याला मिळणारी शक्ती सुमारे ५९ टक्क्यांवर येते व आवाज २·३ डेसिबेलने उतरतो. आवाज उतरला म्हणून ‘गेन’ वाढविला की वेटोळे आणखी तापते आणि जळण्याची वेळ येते. उन्हाळ्यात गाडी सुरू करताच पूर्ण आवाज न लावणे, विवर्धक आसनाखाली हवा खेळेल अशा रीतीने बसविणे, त्यावर गालिचा किंवा सामान न ठेवणे आणि त्याच्या पंख्यात व शीतनपात्यांत साचलेली काळ्या मातीची धूळ वेळोवेळी काढणे हे उपाय येथे समायोजनाइतकेच महत्त्वाचे ठरतात. विवर्धक मधूनच बंद पडून थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असल्यास बहुधा त्याचे उष्णतारक्षक मंडल कार्य करीत असते.

महामार्गावरील बऱ्याच अवजड मालमोटारींत १२ व्होल्टच्या दोन घटमाला एकसरीत जोडून २४ व्होल्ट पुरवठा केलेला असतो. १२ व्होल्टचा विवर्धक त्यास थेट जोडल्यास तो तत्काळ निकामी होतो. दोहोंपैकी एकाच घटमालेवरून १२ व्होल्ट घेण्याची प्रथाही अयोग्य आहे. तीत एक घटमाला सतत अपुरी व दुसरी प्रमाणाबाहेर भारित होऊन दोन्ही लवकर खराब होतात. यासाठी २४ व्होल्टवरून १२ व्होल्ट देणारा परिवर्तक वापरणे हा योग्य मार्ग होय.

ट्रॅक्टरवर कक्ष नसल्यास वर वर्णन केलेली खर्जाची वाढ मुळीच मिळत नाही व मोकळ्या हवेत दर दुप्पट अंतरास ध्वनी ६ डेसिबेलने घटतो. इंजिनाचा आवाज चालकाच्या कानाशी बऱ्याचदा ९० डेसिबेलच्या आसपास असतो. त्यावर संगीत ऐकू जावे म्हणून आवाज वाढविला जातो, विवर्धक मर्यादेबाहेर जातो आणि साधन व कान या दोहोंस इजा होते. धुळे व नंदुरबार भागांत की-बोर्ड, ढोल व गायक यांचा आवाज वाहनावरील विवर्धकांद्वारे पोहोचविणारी वाद्यपथके लग्नसमारंभांत लोकप्रिय आहेत. तेथेही नियम हाच, की मोकळ्या जागेत आवाज अधिक दूर पोहोचविण्यासाठी ध्वनिक्षेपकांची संख्या व दिशा यांचा विचार करावा लागतो. ‘गेन’ वाढवून तो हेतू साध्य होत नाही.

श्रवणाची सुरक्षितता व कायदा : व्यवसायजन्य श्रवणसंरक्षणाच्या एका सर्वमान्य निकषानुसार ८५ डेसिबेल पातळी दिवसाकाठी ८ तासांपेक्षा अधिक सोसू नये व पुढे दर ३ डेसिबेल वाढीस हा काळ निम्मा करावा. त्या हिशेबाने ९४ डेसिबेलला १ तास व १०० डेसिबेलला केवळ १५ मिनिटे मिळतात. शक्तिशाली सबवूफर बसविलेल्या बंद मोटारीत १०० डेसिबेलहून मोठा आवाज सहज निर्माण होतो. अंतःकर्णातील केसयुक्त कोशिका एकदा नष्ट झाल्या की पुन्हा वाढत नाहीत. ऐकून उतरल्यावर कानात शिटी वाजणे किंवा भोवतालचे बोलणे दबलेले वाटणे ही इजेची पूर्वसूचना होय. याशिवाय मोठ्या आवाजामुळे रुग्णवाहिकेचा भोंगा, मागील वाहनाचा इशारा व रेल्वे फाटकावरील शिटी चालकास ऐकू येत नाही.

ध्वनिप्रदूषण (विनियमन व नियंत्रण) नियम, २००० अन्वये निवासी भागात दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबेल, तर रुग्णालये, शाळा व न्यायालये यांभोवतीच्या किमान १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात अनुक्रमे ५० व ४० डेसिबेल अशी मर्यादा आहे. यात रात्र म्हणजे १० ते सकाळी ६ पर्यंतचा काळ होय. सर्वोच्च न्यायालयाने १८ जुलै २००५ रोजी दिलेल्या निर्णयात शांत वातावरणात राहण्याचा अधिकार हा घटनेतील जीविताच्या अधिकाराचा भाग मानला. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनाच्या नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल करता येत नाही. मालवाहू वाहनाचा सांगाडा बदलून त्यावर ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभारण्याची प्रथा या कलमाच्या कक्षेत येऊ शकते.

पुनर्तपासणी : नवीन सबवूफरचे निलंबन वापराने सैल होते, घटमाला जुनी झाल्यावर दाब खाली येतो व मुख्य वादनसंच किंवा फोन बदलल्यास आदान संकेताचा दाब बदलतो. यांपैकी कोणताही बदल झाल्यास, तसेच उन्हाळ्याच्या प्रारंभी, वरील रीतीने दाब पुन्हा मोजून ‘गेन’ तपासावा. नियंत्रकांची अंतिम स्थाने व मोजलेले दाब विवर्धकाच्या झाकणावर लिहून ठेवल्यास पुढील दुरुस्ती करणाऱ्यास ते उपयोगी पडतात.